लोंबी, कुरडू आणि झेंडू

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल यांपैकी कोणत्याही स्टेशनाबाहेर गेले तरी मांडणी तीच असते. कर्जत, खालापूर, पेणच्या डोंगरपट्टीतून पहाटेच आलेल्या बाया फडक्यावर आपट्याच्या डहाळ्या, आंब्याचे टहाळे आणि भाताच्या हिरवट-पिवळ्या लोंब्यांच्या जुड्या घेऊन बसलेल्या असतात. त्यांच्या शेजारी टेम्पोतून उतरवलेल्या झेंडूचे ढीग असतात, केशरी वेगळा, पिवळा वेगळा. गिऱ्हाईक आधी झेंडूकडे वळते, भाव करते, पिशवी भरून घेते आणि मग जाता जाता लोंब्यांची एखादी जुडी उचलते, किंवा उचलतही नाही. खरे तर शरदात घर सजवण्याच्या आपल्या रीतीत भाताची लोंबी ही घरची मालकीण आहे आणि झेंडू हा सर्वांत उशिरा आलेला पाहुणा. हा पाहुणा कुठून आला, त्याने उंबरठा कसा व्यापला आणि मालकीण कोपऱ्यात कशी गेली, हे पाहायचे तर आपल्याला दोन हजार वर्षे मागे जावे लागेल.

निघण्यापूर्वी या सजावटीचे जे रूप कोकणात अजून शाबूत आहे, ते नीट पाहून घेऊ. रत्नागिरी-रायगडच्या गावांत दसऱ्याला किंवा नवान्न पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीच्या दिवशी, घरोघर ‘नवे’ बांधतात. नुकत्या पिकलेल्या भाताच्या चार लोंब्या, नाचणीचे एखादे कणीस, वरीचा तुरा, बांधावरच्या कुरडूचे गुलाबी-पांढरे तुरे आणि झेंडूचे, तिकडच्या बोलीत गोंड्याचे, एक फूल. हे सारे आंब्याच्या पानात धरून सुतळीने किंवा केळीच्या सोपाने आवळायचे. अशा जुड्या मुख्य दाराच्या चौकटीला, देवघराला, धान्याच्या कणगीला, गोठ्याला, विहिरीला, नांगराला बांधल्या जातात. आता त्या मोटारसायकलीच्या हँडललाही दिसतात. लोंबी आपल्या वजनाने झुकते, नाचणीचे कणीस मुठीसारखे आवळलेले असते, कुरडूचा तुरा ताठ उभा राहतो आणि मागे आंब्याचे गर्द हिरवे पान असते. बांधणाऱ्याच्या मनात सौंदर्यशास्त्र नसेल. पण रंग, पोत आणि रेषा यांचा इतका अचूक मेळ फार थोड्या शिकून केलेल्या रचनांत सापडतो. आणि या जुडीतले फूल एकच असते. बाकी सगळे पीक, तण आणि पान.

दारावर आणि घरात शुभचिन्ह म्हणून पान-फूल मांडण्याचे आपल्याकडचे जुने पुरावे दगडात आहेत. तोरण म्हणजे आरंभी माळ नव्हे, उंच उभारलेले प्रवेशद्वार. सांचीच्या मोठ्या स्तूपाची चार तोरणे ही लाकडी द्वारांची दगडी प्रतिरूपे आहेत आणि त्यांतल्या दक्षिण तोरणावर एक छोटा लेख कोरलेला आहे: राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख, वासिष्ठीचा पुत्र आनंद, याचे हे दान. म्हणजे सातवाहनांच्या राजवटीत, आजपासून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, द्वार सजवणारा एक माणूस आपल्याला नावानिशी भेटतो. त्याच सांचीला, भारहुतला, अमरावतीला आणखी एक आकृती पुन्हा पुन्हा येते. ती म्हणजे पूर्णघट: गोल पोटाचा कुंभ आणि त्याच्या तोंडातून उसळून दोन्ही बाजूंना झुकलेली कमळे, कळ्या आणि पाने. फुलदाणी युरोपातून आली असे आपण सहज म्हणतो, पण पाण्याच्या भांड्यात देठासकट फुले मांडण्याची कल्पना इथल्या शिल्पकारांना किती परिचयाची होती, हे या शिल्पांवरून कळते. पुण्याहून लोणावळ्याकडे येताना कार्ल्याच्या लेण्यात थांबलो तर चैत्यगृहाच्या स्तंभांच्या तळाशीही घट दिसतो. खांब जणू कुंभातून वर उगवले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे हे काम. दारावरचे तोरण आणि घरातला घट या दोन धारा तिथून निघतात, आणि आपण आज अश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना आणि दशमीला तोरण करतो तेव्हा त्या दोन्ही धारा दहा दिवसांत एकाच घरात येतात.

त्या काळातल्या घटात कोणती फुले असत? शरदाची फुले जाणून घ्यायला कालिदासाच्या नावावरचे ‘ऋतुसंहार’ उपयोगी पडते. त्याचा तिसरा सर्ग शरदाला दिलेला आहे आणि त्यातली फुलांची यादी वाचताना एक गोष्ट लख्ख जाणवते: हा ऋतू पांढरा आहे. नदीकाठची काशाची तुरेदार गवते, सप्तपर्णाचे फिकट झुबके, रात्री उमलणारी कुमुदे, मालती, शेफालिका म्हणजे आपला पारिजातक, वर स्वच्छ चांदणे आणि ढगांचे पांढरे पुंजके. बंधूकाचा तांबडा आणि कोविदाराचा गुलाबी रंग येतो, पण तो या शुभ्रतेला उठाव देण्यापुरता. आजही हा पांढरा शरद संपलेला नाही. पारिजातकाचा सडा अजून पहाटे पडतो आणि सातवीण, म्हणजे तोच सप्तपर्ण, शहरांच्या रस्त्यांकडेला इतक्या संख्येने लावला गेला आहे की ऑक्टोबरातल्या रात्री त्याचा उग्र गंध खिडकीतून आत येतो. पण शरद म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांपुढे येणारा रंग केशरी आहे. पांढऱ्यापासून केशरीपर्यंतचा हा पल्ला या मागोव्याचा कणा आहे.

त्या वाटेवर पहिला पिवळा रंग आणला तो रानाने आणि शेताने. घाटावर भाद्रपद-अश्विनात माळरानावर तरवड फुलतो, शेतात कारळा फुलतो आणि सह्याद्रीच्या सड्यांवर सोनकीचे गालिचे पसरतात, तिन्ही पिवळे. देशावरच्या अनेक घरांत नवरात्रातल्या घटावर रोज एक माळ सोडायची ती तरवडाची किंवा कारळ्याची. फुले विकत आणायचा प्रश्नच नव्हता, मुले सकाळी बांधावरून खुडून आणत. घटाखाली पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली काळी माती पसरून त्यात गहू, ज्वारी अशी धान्ये पेरलेली. नऊ दिवसांत त्यांचे पिवळट कोंब वाढतात आणि दसऱ्याला ते टोपीत, पागोट्यात, वेणीत खोवले जातात. म्हणजे इथेही कोकणातल्या जुडीचेच सूत्र आहे: वर फूल, खाली धान्य. सीमेपलीकडे तेलंगणात याच दिवसांत बतुकम्मा होते. तिथे तरवडाची फुले आणि कुरडूच्या जातीचे तुरे वर्तुळावर वर्तुळ रचून शंकूसारखा फुलांचा डोलारा उभा करतात. आज तिथेही झेंडू आहे. पण तरवड हे बतुकम्माचे अव्वल फूल मानले जाते आणि तेलंगणाने तेच आपले राज्यफूल ठरवले आहे. फुलांच्या माना किती उंच ठेवाव्यात, घेर कुठे आवळावा, टोकाला काय खोचावे याचे त्या बायकांचे ज्ञान फार बारकाईचे आहे आणि ते आईकडून लेकीकडे जाते.

फुले रानातून घरात आणणे हे सगळ्यांचे काम असले, तरी बागेतली फुले पिकवून पोहोचवणे हे माळ्याचे. तेराव्या शतकात सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावी सावता माळी होऊन गेले. मळ्यातले काम हीच पूजा असे मानणारे हे संत १२९५ मध्ये समाधिस्थ झाले. पाच शतकांनंतर साताऱ्याकडच्या कटगुण गावातले एक गोऱ्हे घराणे पुण्यात आले. पेशव्यांच्या वाड्यात फुले, हार, गाद्या पुरवण्याचे काम या घराण्याकडे आले, त्या कामाबद्दल ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि व्यवसायावरून आडनाव पडले फुले. त्याच घरात १८२७ मध्ये जोतीराव जन्मले. महात्मा फुले हे नाव आपण रोज घेतो, पण त्या आडनावामागे कुठल्या तरी वाड्याच्या दारावर चढलेली तोरणे आणि देव्हाऱ्यातल्या माळा आहेत, याचा विचार क्वचित करतो. त्याच पेशवाईत दसऱ्याचे सीमोल्लंघन हा मोठा सोहळा असे. पावसाळा सरलेला, पीक उभे, घोडी ताजीतवानी. स्वारी गावाबाहेर निघायची, शमीचे पूजन व्हायचे आणि शिवारातली कणसे खुडून लोक घरी परतायचे. आपट्याची पाने सोने म्हणून लुटण्याची चाल आज उरली. कणसे आणण्याची चाल शहरातून गेली. मला ही मोठी हानी वाटते, कारण सोन्याचा मूळ अर्थ त्या कणसात होता.

आता आपण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. मेक्सिकोच्या पठारावर अॅझ्टेक लोक एक तिखट वासाचे, दाट पाकळ्यांचे केशरी फूल पिकवत आणि देवकार्यात वापरत. १५२१ मध्ये त्यांची राजधानी स्पॅनिश सैन्याच्या हाती पडली. १५५२ मध्ये मार्टिन दे ला क्रूझ या स्थानिक वैद्याने आपल्या भाषेत सांगितलेली आणि हुआन बादियानोने लॅटिनमध्ये उतरवलेली वनौषधींची एक सचित्र पोथी तयार झाली. नदी सुखरूप ओलांडू इच्छिणाऱ्यासाठी तिच्यात जो उपाय आहे, त्यात झेंडूच्या कुळातली एक वनस्पती येते. मेक्सिकोत आजही १ आणि २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवसांत, घरात मांडलेल्या वेदीवर आणि थडग्यांवर हीच फुले पसरतात. त्यांच्या रंगाने आणि वासाने पितरांना घरची वाट सापडते अशी श्रद्धा आहे. आपल्या पितृपक्षानंतर लगेच घट बसतात आणि झेंडू दारी येतो, हा निव्वळ योगायोग असला तरी तो मनाला भिडतो.

या फुलाचा प्रवास विलक्षण वेगाने झाला. अॅझ्टेक राजधानी पडल्यानंतर अवघ्या २१ वर्षांत, १५४२ मध्ये, जर्मन वैद्य लेओनहार्ट फुक्सच्या वनस्पतिग्रंथात झेंडूचे चित्र छापले गेले. पश्चिम किनाऱ्यावर तोवर पोर्तुगीज घट्ट बसले होते. गोवा त्यांनी १५१० मध्ये घेतला, वसई आणि मुंबईची बेटे १५३४ च्या तहाने मिळाली आणि आजच्या नवी मुंबईच्या समोर असलेले उरणजवळचे करंजा बेटही त्यांच्या अमलाखाली आले. मिरची, काजू, पेरू, अननस, तंबाखू ज्या जहाजांतून आले त्याच व्यवहारातून झेंडूचे बी आपल्या किनाऱ्याला लागले. एका नेमक्या बंदरावर आणि वर्षावर त्याचे श्रेय ठेवता येत नाही. बी खिशात मावते आणि त्याची नोंद कोणी करत नाही. त्या काळात इथल्या फुलांकडे डोळसपणे पाहणारा एक माणूस मात्र आपल्याला ठाऊक आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये भारतात आला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते आणि १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात पारिजातकावर स्वतंत्र संवाद आहे. सूर्याने अव्हेरलेल्या राजकन्येच्या राखेतून हे झाड उगवले आणि म्हणून ते दिवसा फुले धरत नाही, ही कथा त्याने लिहून ठेवली. त्याने झाडाला दुःखी झाड म्हटले आणि पुढे १७५३ मध्ये लिनिअसने तोच भाव शास्त्रीय नावात कायम केला. शरदाचे पांढरे फूल असे इथून युरोपच्या ग्रंथांत गेले आणि केशरी फूल पश्चिमेच्या समुद्रावरून इकडे आले.

झेंडू जिंकला कसा, याची कारणे त्याच्या शरीरातच आहेत. आषाढात रोप लावले की पन्नास-साठ दिवसांत फुले सुरू होतात, म्हणजे नेमका नवरात्राचा मुहूर्त सापडतो, आणि पुढे दिवाळीपर्यंत तोडे चालू राहतात. त्याला देठ लागत नाही. बुडाचा हिरवा पेला इतका भक्कम असतो की सुई आरपार घालून ओवले तरी फूल फाटत नाही. पारिजातक सकाळी दहाला मलूल होतो, तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हणच आहे; झेंडूचे तोरण मात्र कडक ऊन सोसून चार दिवस दारावर राहते. बी घरच्या घरी धरता येते. शिवाय त्याच्या मुळांतून स्रवणारी द्रव्ये सूत्रकृमींना मारक ठरतात आणि टोमॅटोच्या ओळींमध्ये लावला तर फळे पोखरणारी अळी त्याच्याकडे ओढली जाते, त्यामुळे भाजी पिकवणाऱ्यालाही तो हवासा वाटतो. रंगाचे काम तर न बोलता झाले: हळदीचा पिवळा आणि भगवा हे दोन्ही रंग इथल्या मनात आधीच पवित्र होते. काही जुन्या घरांत अजूनही झेंडू रोजच्या पूजेत देवाला वाहत नाहीत, तो फक्त दाराला, वाहनाला, हत्याराला. मला यात त्याच्या आगमनाची खूण दिसते. गाभाऱ्यातल्या जागा कमळ, जास्वंद, मोगरा, तगर यांनी आधीच धरलेल्या होत्या. नव्याला उंबरठा मिळाला आणि त्याने तो पुरता व्यापला.

गावातले फूल बाजारात आले ते मुंबईमुळे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे वर चढली. त्यानंतर घाटावरचा माल मुंबईच्या आवाक्यात आला. भुलेश्वरच्या फूलगल्लीत हार गुंफणाऱ्यांची वस्ती होती, वसईकडून सोनचाफा आणि मोगऱ्याच्या करंड्या पहाटेच्या लोकलने येत, आणि पुढे दादर स्टेशनाबाहेरचा बाजार सगळ्यांवर मात करून गेला. पण माझ्या मते या कथेतला खरा वळणबिंदू गिरण्यांत आहे. घरापासून दूर, चाळीतल्या खोलीत दाटीने राहणाऱ्या गिरणी कामगाराला दार सजवायला स्वतःचे दार नव्हते, शेत मागे राहिले होते, नांगर नव्हता. त्याने आपला माग सजवला. खंडेनवमीला नि दसऱ्याला गिरण्यांच्या खात्याखात्यांत यंत्रांना झेंडूचे हार चढत, पूजा होई, नातेवाईक गिरणी पाहायला येत. जिथे गावात नांगराला लोंबीची जुडी बांधली जाई तिथे मुंबईत लोखंडाला झेंडूची माळ आली, आणि या बदलात धान्य गळून पडले. कारण लोंबी शेतात असते आणि झेंडू विकत मिळतो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या, पण ती रीत लोकलच्या डब्यांत, रिक्षांत, कारखान्यांत आणि दुकानांच्या तराजूंवर जिवंत राहिली.

दुसरी एक वाट बंगल्यांतून आली, तीही थोडक्यात पाहू. १८३० मध्ये मुंबईत पश्चिम भारताची कृषी-उद्यान संस्था स्थापन झाली, १८६२ मध्ये भायखळ्याची राणीची बाग खुली झाली, पुण्यातली एम्प्रेस गार्डन पुढे पुष्पप्रदर्शनांसाठी नावाजली. डेलिया, झिनिया, अष्टर, नाना रंगांची शेवंती यांची रोपे साहेबाच्या बागेतून मध्यमवर्गाच्या अंगणात आली आणि टेबलावर काचेची फुलदाणी दिसू लागली. १९३० मध्ये किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केले, तेव्हापासून घर नेटके आणि देखणे कसे ठेवावे हा मराठी सुशिक्षित स्त्रीच्या विचाराचा विषय होत गेला. मग स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मुंबई-पुण्यात इकेबानाचे वर्ग आले. जपानात क्योटोच्या रोक्काकुदो मंदिरात देवापुढे फुले मांडण्याच्या विधीतून ही कला वाढली. १४६२ मध्ये सेन्केई नावाच्या पुजाऱ्याच्या रचना पाहायला क्योटोतले लोक जमल्याची नोंद आहे. ऋतूप्रमाणे रचना बदलावी, फांदी जशी वाकते तशी वाकू द्यावी, शरदात गवताचा तुरा आणि सुकत चाललेले पानही मानाने मांडावे, हे तिचे संस्कार. युरोपात हेच वळण फार उशिरा आले. लंडनमध्ये कॉन्स्टन्स स्प्राय या बाईंनी १९२९ मध्ये दुकान काढले आणि रानवेली, फळांचे घोस, कोबीवर्गातली पाने श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवली, तेव्हा लोक चकित झाले. रत्नागिरीतल्या शेतकऱ्याच्या जुडीत नाचणीचे कणीस आणि कुरडूचे तण पिढ्यान्‌पिढ्या शेजारी शेजारी बांधले जात होते. ती कुणी कला म्हणून पाहिली नाही, तिचे वर्ग निघाले नाहीत, तिच्यावर पुस्तक आले नाही. याचे मला वाईट वाटते, आणि हा लेख लिहिण्यामागे ते एक कारण आहे.

झेंडूचे रूपही दरम्यान पालटत होते. अमेरिकेत डेव्हिड बर्पी या बियाणे व्यापाऱ्याने झेंडूचा ध्यासच घेतला होता. त्याने पांढऱ्या झेंडूचे बी देणाऱ्यास १० हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि १९७५ मध्ये आयोवा राज्यातल्या अॅलिस व्होंक या बागप्रेमी बाईंनी ते मिळवले. झेंडू अमेरिकेचे राष्ट्रीय फूल व्हावे ही त्याची धडपड मात्र फळली नाही. १९८६ मध्ये तो मान गुलाबाला गेला. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे वाण दिले. बाजारात कोलकाता या नावाने ओळखला जाणारा मोठा, गच्च गेंदेदार झेंडू आला आणि संकरित बियाण्यांनी गावरान लहान फुलाला मागे सारले. पुरंदर, जुन्नर, सातारा, नगर, नाशिकचे शेतकरी आता दसरा-दिवाळीचा हिशेब धरून लागवड करतात. बारा महिने वाढवलेले पीक नव्हे, चार दिवसांच्या भावासाठी केलेली ही शेती. सणाच्या तोंडावर पाऊस झाला तर फूल काळे पडते आणि सगळे गणित कोसळते. त्यातच प्लास्टिकच्या माळांनी दारे अडवली. त्यांच्यावर बंदी घालावी ही फूलउत्पादकांची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

आणि मग नवी मुंबई. चार्ल्स कोरिआ, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यावर खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली; १७ मार्च १९७० ला हे शहर वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली. ही गावे आगरी-कोळ्यांची. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे, उघडीतून गोडे पाणी खेळवायचे आणि खाऱ्या जमिनीत भात काढायचा, किंवा मिठागरे पिकवायची, ही आगऱ्यांची पिढीजात विद्या. भाद्रपदात तेरड्याची रोपे आणून गौर बसवायची आणि अश्विनात पिकत्या भाताची लोंबी दारी बांधायची, हे त्यांचे शरदाचे वेळापत्रक होते. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल झाला, भातखाचरांवर सेक्टर उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. मे १९९२ मध्ये रेल्वे वाशीला पोहोचली, १९९६ मध्ये भाजी आणि फळांचे घाऊक बाजार मुंबईहून इथे आले. त्या बाजारांसोबत आले माथाडी कामगार, बहुतेक साताऱ्याकडचे. दसऱ्याला त्यांनी हातगाड्या, वजनकाटे आणि ट्रक सजवले ते झेंडूने, त्यांच्याच जिल्ह्याच्या शेतांतून आलेल्या. ज्या जमिनीवर लोंबी पिकत होती तिच्यावर झेंडूचे ट्रक उतरू लागले. या कथेतले सगळे प्रवाह इतक्या थोड्या जागेत एकत्र आलेले दुसरे ठिकाण मला माहीत नाही.

शहर वाढले तसे शरदाचे शेजारीही वाढले. केरळी कुटुंबांनी ओणमचे पूक्कळम, म्हणजे फुलांची रांगोळी, इमारतींच्या तळमजल्यावर आणले आणि त्यांच्या पितळी उरुळीत पाणी भरून त्यावर पाकळ्या नि दिवे तरंगवण्याची रीत आता मराठी दिवाणखान्यातही रुळली. बंगाली मंडळींच्या दुर्गापूजेत संधिपूजेला १०८ कमळे लागतात आणि त्यांची शिउली म्हणजे आपला पारिजातक. तेलुगू बायका बतुकम्मा रचतात. फ्लॅटचे दार बाहेरून एकसारखे असले तरी दसऱ्याच्या सकाळी एका मजल्यावरच्या चार दारांवर चार प्रांतांचा शरद दिसतो. यात झेंडू सगळीकडे आहे आणि धान्य जवळजवळ कुठेच नाही.

म्हणून जी मंडळी यंदा घरासाठी शरदाची रचना करू इच्छितात त्यांनी झेंडूचा ढीग अर्धा करावा आणि स्टेशनाबाहेरच्या बाईकडून लोंब्यांच्या दोन जुड्या घ्याव्यात. पाण्यात ठेवायच्या नाहीत, कोरड्याच बांधायच्या, म्हणजे महिनोन्‌महिने टिकतात. लोंबी पूर्ण पिवळी झालेली असेल तर दाणे गळतात, म्हणून थोडी हिरवट छटा असलेली निवडावी. पितळेच्या तांब्यात आंब्याचा टहाळा, त्यात लोंब्या एका बाजूला झुकत्या सोडून, झेंडूची तीनच फुले देठासकट खोवली की दिवाणखान्यातला पूर्णघट तयार होतो. नाचणीची अख्खी कणसे दसऱ्याला शहरात सहसा मिळत नाहीत. कर्जत-पेणकडच्या बायांना आदल्या आठवड्यात सांगून ठेवले तर त्या आणून देतात. कुरडू बाजारात येत नाही. खारघरला पांडवकडा धबधब्याच्या वाटेवर, टेकड्यांच्या पायथ्याच्या पडीक जमिनीत तो अश्विनात उगवलेला असतो. चार तुरे पुरतात, बाकीचे बी पडायला तिथेच ठेवावेत.